हंगामात झालेली लेक

१२ फेब्रुवारी २०२५

करिष्मा,

वर आशीर्वाद लिहिणार होते. मग म्हणलं, जी लेक चार वर्षं आईचा फोन उचलत न्हाई तिला आशीर्वाद काय गोड लागणार. म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

हे पाकीट इचलकरंजीला तुझ्या सूतगिरणीच्या पत्त्यावर टाकतेय, घरी न्हाई. तुझ्या बापाच्या तेराव्याला आलतीस तवा तानाजीरावांनी हा पत्ता लिहून दिलता. म्हणले, काही नड पडली तर कळवा. जावई भला माणूस हाय. म्हणूनच आपलं घरातलं बोलणं त्याच्या हाती पडू नये वाटतं. वाचून झालं की फाडून टाक.

आज रोहिणीला एकोणीस पुरी झाली. अंबाजोगाईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय, होस्टेलवर राहती. सकाळी फोनवर म्हणली, "आई, ताईनं यंदा बी फोन केला न्हाई." मी म्हणलं, गिरणीत पाळी असंल तिची. ती म्हणली, "दर वर्षी पाळीच असती का?" आता तिला काय सांगू ते तूच सांग. तुझ्या लग्नातला फोटो अजून तिच्या पुस्तकात असतो.

तर बातमी अशी की रोहिणीचं लग्न ठरलंय. ११ मे, रविवार. शिक्षण पुरं करू देणार हायत, तसं कबूल केलंय. पोराला कसलं व्यसन न्हाई. दोघं एकमेकांना पसंत हायत. दर शनिवारी तो अंबाजोगाईला जातो आन् होस्टेलच्या बाहेर पेरूची पिशवी घेऊन उभा राहतो. ती आत मैत्रिणींना वाटती आन् मग मला फोनवर सांगती, आई, आज लई गोड निघाले. तिला असं हसताना मी कधी ऐकलं न्हवतं.

लांबण कशाला लावू. आपला अभिमन्यू. तेलगावच्या सुंदरमामाचा.

वाचून तू काय म्हणशील ते मला ठाऊक हाय, म्हणून आधीच सांगते. तू तवा चौदा वर्षांची होतीस. भ्यालेली होतीस. भ्यालेली पोर तोंडाला येईल ते नाव घेती. तो ट्रॅक्टरचा ड्रायव्हर होता आन् तो मरून गेला, हे आपल्या घरात ठरलंय. तुझ्या बापाच्या दुखण्यात सगळे पाहुणे चहा पिऊन गेले, दवाखान्यात बसून राहिला तो माझा भाऊच. अंगणवाडीतली मदतनिशीची जागा त्यानं लावून दिली, न्हाईतर या वयात अजून कोयता धरून उसाच्या फडात उभी असते. असल्या माणसानं पदर पसरून पोरगी मागितली, तर कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?

तू लग्नाला ये. मोठी बहीण म्हणून ये.

तुझी आई

४ मार्च

करिष्मा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "रोहिणी माझी हाय आणि तिचा बाप तेलगावात बसलाय. हे तुला एकदा सांगितलं होतं, आता परत सांगणार न्हाई."

असं कागदावर लिहितात का बाई? पोस्टमन गावातलाच हाय. मी ते तिथल्या तिथं चुलीत घातलं, तरी दिवसभर वाटत होतं की धुराचा वास घेऊन कुणीतरी विचारंल, जानके, काय जाळलंस.

रोहिणी तुझी हाय, हे मी कधी नाकारलं? जगाला सांगितलं न्हाई, ती गोष्ट वेगळी. ते मी कशासाठी केलं, याचा तू कधी इचार केलास का? दोन हजार पाचचा श्रावण होता. तू सकाळी उठली की मोरीत ओकायचीस आन् मी म्हणायचे, पित्त झालंय. मग एक दिवस तुझी पाठ चोळताना माझ्या हाताला कळलं. बाईच्या हाताला कळतं. तुझ्या बापाला सांगितलं तर तो दोन दिवस जेवला न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हणला, हिला आन् मला दोघांना इहिरीत ढकल. कुणी गेलं न्हाई इहिरीत, ते मी हुशारी केली म्हणून.

आपल्याकडं सहा महिने माणसं उसाला जातात. दसऱ्याला गेलेली बाई पाडव्याला येती, कुणी रिकामी येती, कुणी पोर घेऊन येती. तिथं कर्नाटकात फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत काय झालं ते कुण्या गावकऱ्याला कळतं? मी गणपतीपासून पोटाला कापड बांधायला सुरुवात केली. बायकांना सांगितलं, दिवस गेलेत, एवढ्या वर्षांनी. त्यांनी माझी चेष्टा बी केली. दर वर्षी आमी तुझ्या मामाच्या टोळीत जायचो, तोच आमचा मुकादम. त्या साली दुसऱ्याच्या टोळीत नाव दिलं. ओळखीचं माणूस नको म्हणून. शेजारच्या कोपीतली भामाबाई परभणीकडची होती, तिनं तुझं बाळंतपण केलं आन् सकाळी पुन्हा मोळ्या बांधायला गेली. तिला आपलं गाव कोणतं ते बी ठाऊक न्हवतं.

पाडव्याला मी पोर पदराखाली घेऊन टेम्पोतून उतरले. तू मागून भांडी घेऊन उतरलीस. गावातल्या बाया म्हणल्या, जानके, बरी झाली गं लेक, करिष्माला बहीण झाली. ग्रामपंचायतीत जाऊन मीच सांगितलं की फडावर झाली, आई जानकीबाई त्रिंबक, बाप त्रिंबक. दाखला मिळाला. तुझं नाव कुठं आलं न्हाई. वर्ष-दीड वर्षात लांबचं स्थळ बघून तुला उजवली, आन् आज तुझा संसार हाय, दोन पोरं हायत. झाकली मूठ म्हणतात ती ही.

एवढं सगळं एकट्या बाईनं निभावलं, आन् तू मला दोन ओळी लिहितीस. त्यातली पहिली ओळ मी वाचली. दुसरी मी वाचली न्हाई असं समज.

आई

९ एप्रिल

करिष्मा,

आज अंगणवाडीत गेले न्हाई. अंग दुखतंय म्हणून सांगितलं. अंग काही दुखत न्हाई.

परवा कुरडया घालायला तेलगावला गेलते. लग्नाचं वाळवण, दोन्ही घरचं एकदमच करू म्हणून छबुमामीनं बोलावलतं. मामाच्या घरावर आता तिसरा मजला चढलाय. गच्चीवर आमी दोघीच होतो. ती चीक घाटत होती, मी सोऱ्या फिरवत होते. रोहिणीचं शिक्षण, तिची ड्युटी, असलं बोलणं चाललं होतं. मी सहज म्हणलं, "वहिनी, सुट्टी लागली की आठ दिवस रोहिणीला इकडंच धाडते, घरची सवय होईल तिला."

छबुमामीचा हात थांबला. म्हणली, "लग्नाआधी नको."

मी म्हणलं, का गं, रीत म्हणून का?

ती म्हणली, "रीत न्हाई. अभिमन्यूची बायको म्हणून आली की माझ्या डोळ्यापुढं राहील, मग मी बघते. पण तशी नको. तुझ्या करिष्माच्या नंतर मी या घरात एक बी भाची मुक्कामाला ठेवून घेतली न्हाई, जानकीबाई. माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोरी बी न्हाईत."

माझ्या हातातला सोऱ्या तसाच दाबलेला, आन् कुरडईचा सगळा ढीग एकाच जागी पडला. मी विचारलं, तुला काय ठाऊक? ती खाली बघूनच म्हणली, "मी बाळंतपणाहून आले तर माझ्या अंथरुणाची दशा बघूनच कळलं. ते मला म्हणले, तोंड उघडलंस तर माहेरी बस. मांडीवर महिन्याचं लेकरू होतं, पदराला तीन वर्षांचा अभिमन्यू. मी गप बसले. तुझी पोरगी बरी हाय ना आता, संसारात?"

तिला रोहिणीचं ठाऊक न्हाई गं. तिला वाटतं ते तेवढ्यावरच थांबलं. ती मला इचारीत होती, पोरगी बरी हाय ना.

करिष्मा, मी आता लिहिते ते नीट वाच, मला परत लिहायला जमणार न्हाई.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात छबू माहेरी बाळंतपणाला गेली. सुंदर म्हणला, दीड महिना भाकरी कोण थापंल, करिष्माला धाड. मीच तुझी पिशवी भरली. तू पंधरा दिवसांनी एकटीच एसटीनं परत आलीस. पायात चप्पल न्हवती. म्हणलीस, आई, मी तिकडं जाणार न्हाई. मी इचारलं, कावून? तू म्हणलीस, मामा. एवढंच म्हणलीस, आन् मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. मी म्हणलं, मामा रागावला असंल, कामचुकार झालीस तू. आन् दुसऱ्या दिवशी तुझा दंड धरून मी स्वतः तुला तेलगावला नेऊन घातलं. त्याच्या दारात उभी राहून मी त्याला म्हणले, लाडावलीय, जरा धाकात ठेव.

श्रावणात तू परत तेच नाव घेतलंस. तवा मी तुला मारलं. मार खाता खाता तू ड्रायव्हर म्हणलीस, कारण मीच तुला सुचवीत होते, ड्रायव्हर होता का, सांग, ड्रायव्हरच ना?

त्याच्या टोळीत त्या साली कावून गेले न्हाई, हे मला कुणी इचारलं न्हाई. ओळखीची माणसं नकोत म्हणून, असं मी तुला गेल्या पत्रात लिहिलं. सगळं गावच ओळखीचं असतं, करिष्मा. मला माहीत होतं. मला एसटीतून उतरलीस तवाच माहीत होतं. सुंदरराव. माझा पाठचा भाऊ. आपलेच दात आन् आपलेच ओठ, म्हणून मी माझ्या लेकीचे ओठ शिवले.

आता हे लग्न होऊ देता येणार न्हाई. अभिमन्यू तिचा भाऊ हाय.

आई

२६ एप्रिल

करिष्मा,

उत्तर न्हाई. मी रोज पोस्टमनची वाट बघते. त्याला वाटतंय लग्नाच्या आहेराची मनीऑर्डर येणार हाय.

तोवर मी काय काय करून बघितलं ते ऐक, तुला हसू येईल. आधी चंद्रभागाबाईला गाठलं, भावकीतली सगळ्यात म्हातारी. तिच्या तोंडून वदवून घेतलं की बहिणीची लेक भावाच्या घरात देऊ नये, वेल माघारी फिरतो, वंशाला बरं न्हाई. जुनी माणसं खरंच तसं म्हणायची. मी ते सुंदरच्या कानावर घातलं. तो हसला. म्हणला, "जानके, चंद्रभागाबाईच्या काळात बाया चपला घालत न्हवत्या. आता काय, तू बी काढून ठेवणार का?" सगळी बैठक हसली, मी बी हसले.

मग गुरुजीकडं गेले. पत्रिका जुळत न्हाई म्हणा, म्हणलं. गुरुजी म्हणले, बाई, तुमीच संक्रांतीला छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जमले म्हणून पेढे दिलेत. मग म्हणलं, पोरीचं शिक्षण होऊ द्या, दोन वर्षं थांबा. सुंदर म्हणला, पत्रिका वाटून झाल्या, मंडप ठरला, तालुक्याची माणसं येणार, आता कसलं थांबायचं बे. चिडला की तो बायांना बी बे म्हणतो. छबू कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होती. तिला अजून पुरतं ठाऊक न्हाई, पण मी का चुळबुळ करतेय हे तिनं हेरलंय.

शेवटी रोहिणीलाच म्हणलं, मला हे स्थळ नको वाटतंय. ती म्हणली, "आई, तूच ठरवलंस. मी हो म्हणेपर्यंत तूच मागं लागलीस. आता मला तो आवडायला लागला तर तुला नको झालं? तुला माझं चांगलं बघवत न्हाई का?" तिनं फोन ठेवला. तिचं काय चुकलं त्यात.

खरं सोडून सगळं सांगून झालं. आता खरंच राहिलंय, आन् ते माझं एकटीचं न्हाई. ते तुझं हाय. मी तोंड उघडलं, की रोहिणीची आई कोण हे लोक बोटावर मोजून काढतील. ते इचलकरंजीला पोचंल. तानाजीराव काय करतील? तुझी पोरं शाळेत जातात. मी एकदा तुला न इचारता तुझं सगळं आयुष्य ठरवलं, आता परत तसं करू नये, एवढी अक्कल मला आलीय. उशिरा आली, पण आली.

म्हणून इचारते. सांगू का? नुसतं हो लिही न्हाईतर न्हाई लिही. फोन कर, माझ्याशी बोलू नको, नुसती एक रिंग दे. पाच तारखेपर्यंत वाट बघते. मला भ्या वाटतंय गं. पन्नाशी उलटली तरी भ्या वाटतंय.

आई

६ मे

करिष्मा,

काल पाच तारीख होती. रिंग आली न्हाई. फोन उशाशी न्हाई, कमरेला बांधून फिरले.

हे पत्र तुला पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असंल. तरी लिहिते, म्हणजे उद्या कुणी तुला येगळंच सांगितलं तर तुझ्यापाशी माझ्या हातचं राहील. हे मात्र फाडू नको.

आज सकाळी तेलगावला गेले. सुंदर मळ्यात मोटार बघायला गेलता, तिथं त्याला एकट्याला गाठलं. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. मे महिना, एसटी, श्रावण, कर्नाटक, भामाबाई. शेवटी म्हणलं, रोहिणी तुझी पोरगी हाय.

त्याला ठाऊक न्हवतं. एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते, कारण मी तोंड बघितलं त्याचं. तो खाली बसला. मातीत बसला, पांढऱ्या कपड्यानिशी. मला वाटलं आता हा रडंल, मग मी बी रडन, न्हाई तर त्याच्या थोबाडीत मारीन, काहीतरी होईल. मग तो उठला आन् धोतर झटकलं. म्हणला, "दाखला कुणाच्या नावाचा हाय?"

मी म्हणलं, माझ्या.

"मग ती तुझी पोरगी हाय. सरकारदप्तरी हाय. तू म्हातारचळ लागल्यागत काही बी बोलत फिरलीस तर मी दाखला दाखवीन."

तो दाखला मीच करून आणलेला, करिष्मा. ग्रामसेवकापुढं खोटं बोलून, अंगठा न्हाई, सही करून.

पण तो बी घाबरलेला होता, हे मला दिसत होतं. भाऊबहिणीचं लग्न लावायला तो बी तयार न्हाई, एवढा देव त्याच्यात उरलाय. जरा वेळानं आवाज खाली आणून म्हणला, "जानके, लग्न मोडू. मी मोडतो. फक्त कारण दुसरं सांगू. रोहिणीचं अंबाजोगाईला कुण्या पोराशी हाय, आमच्या कानावर आलं, म्हणून आमी माघार घेतली. चार महिने लोक बोलतील. मग तिला लांबचं स्थळ बघू. खर्च माझा."

लांबचं स्थळ बघू. माझेच शब्द, वीस वर्षांपूर्वीचे. त्याला ते बोलताना काही वाटलं न्हाई, कारण मला बी तवा काही वाटलं न्हवतं. मला खरंच वाटलतं की मी तुला वाचवतेय.

मी त्याला म्हणलं, इचार करून सांगते. भ्याले म्हणून म्हणलं. येताना एसटीत बसून सारखं मनात येत होतं की यात वाईट काय हाय. लग्न मोडतंय, तुझं घर राहतंय, माझी नोकरी राहतीय, रोहिणीला कधीच कळणार न्हाई की ती कशी झाली. तिला चार महिने लोक नावं ठेवतील, एवढंच. आपल्या दिंद्रूडला उतरेपर्यंत माझं जवळजवळ ठरलंच होतं. तुझ्याशी खोटं बोलायचं न्हाई म्हणून हे लिहिते.

घरी आले तर रोहिणी आलेली. लग्नाची सुट्टी घेऊन. अंगणात बसून हिरव्या बांगड्यांची मापं बघत होती. मला बघून म्हणली, "आई, त्या दिवशी फोनवर तुला टोचून बोलले, मनात धरू नको." आन् माझ्या पिशवीला हात लावला, आत काय हाय बघायला, लहानपणी बघायची तसं.

मी उद्या तिला सांगणार हाय. तुला इचारलं होतं, तू बोलली न्हाईस. तुझं न्हाई असंल तर मला माफ करू नको.

आई

१४ मे

करिष्मा,

सांगितलं.

सात तारखेला सकाळी. दार लावून घेतलं, चहा ठेवला आन् उतू जाऊ दिला. सगळं सांगितलं, जसं तुला ९ एप्रिलच्या पत्रात लिहिलं तसंच, माझं काही वगळलं न्हाई. ती रडली न्हाई. दवाखान्यात पेशंटचं ऐकतात तसं ऐकत होती, मधूनच एखादी तारीख इचारायची. मग उठली, नळावर गेली आन् उजवा हात धुवायला लागली. साबण लावून, बोटांच्या मधून, पुन्हा पुन्हा. म्हणली, "त्यानं एकदा हात धरलाय. तेवढंच. तू घाबरू नको." मलाच धीर देत होती.

मग तिनं इचारलं, "ताईनं मला कधी जवळ घेतलं होतं का?"

मला न्हाई म्हणता आलं असतं. पण एकदा घेतलं होतंस. कोपीत, चौथ्या दिवशी. मी पाण्याला गेलते, परत आले तर तू तिला पाजत होतीस. तुला कुणी शिकवलं न्हवतं. तू माझ्याकडं बघून भ्यालीस, आन् मी पोर तुझ्यापासून ओढून घेतली. तिच्या तोंडाला दूध होतं. त्याच दिवशी मी लुगडं फाडून तुझी छाती आवळून बांधली, दूध आटावं म्हणून. तुला ताप भरला तरी सोडलं न्हाई. पोरीला बाहेरच्या शेळीचं दूध घातलं. हे मी तुझ्या बापाला बी कधी सांगितलं न्हवतं. रोहिणीला सांगितलं.

ती म्हणली, "एकदा घेतलं होतं." एवढंच. प्रश्न न्हाई, नुसतं म्हणली.

सुंदरला मी निरोप दिला की तुझं कारण मला मंजूर न्हाई. त्यानं वाट बघितली न्हाई. दुसऱ्याच दिवशी गावात उठलं की पोरगी वाईट चालीची निघाली. नऊ तारखेला भावकी आपल्या दारात जमली, जाब इचारायला. तो आलता, छबू आलती, अभिमन्यू गाडीपाशी उभा होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर रोहिणी पुढं झाली. म्हणली, "मी जानकीबाईची लेक न्हाई. मला जन्म देणारीचं नाव मी घेणार न्हाई, ती तवा चौदा वर्षांची होती. बापाचं घेते." आन् हात करून दाखवलं.

सुंदर दाखल्याचं बोलायला लागला. तवा छबू उठली. डोक्यावरचा पदर बी सरळ केला न्हाई. म्हणली, "पोरगी खरं बोलतीय. मी बाळंतपणाहून आले तवापासून मला ठाऊक हाय." आन् खाली बसली. अभिमन्यूनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं न्हाई, गाडीची किल्ली बोनेटवर ठेवली आन् चालत निघून गेला. कुणी म्हणतं पुण्याला गेला. त्याचा फोन लागत न्हाई. त्या पोराचं काय चुकलं होतं, मला रात्रंदिवस तेच येतंय मनात.

तिनं तुझं नाव घेतलं न्हाई. पण लोक खुळे न्हाईत. माझ्या तोंडासमोर कुणी बोलत न्हाई, पाण्यावर गेले की बाया घागरी उचलतात. तुझ्यापर्यंत हे आठ दिवसांत न्हाईतर महिन्यात येईल. त्याआधी तानाजीरावांना तू सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नको. तो भला माणूस हाय असं मी लिहिलं होतं, ते खरं असू दे एवढंच देवाला म्हणते.

रोहिणी म्हणली, पोलिसात तक्रार करता येती, अजून बी येती. पण ती करायची का न्हाई ते ताई ठरवील, आपण न्हाई. मी म्हणलं, तू म्हणशील तसं. साक्षीला मी उभी राहीन, छबू बी म्हणतीय उभी राहीन. मला काय करतील, तुरुंगात घालतील. खोटा दाखला मी केलाय, घालू देत.

काल ती अंबाजोगाईला गेली. परीक्षा हाय. मी डबा करून दिला, तो तिनं घेतला. जाताना मला आई म्हणली न्हाई, दुसरं बी काही म्हणली न्हाई. एसटी निघाली तवा मी हात केला, तिनं बघितलं का न्हाई ते कळलं न्हाई.

तुझा पत्ता तिनं मागितला. मी दिला न्हाई. तिला न्हाई म्हणताना माझा जीव तुटला, पण तुला इचारल्याशिवाय तुझ्या दारात कुणाला आणायचं न्हाई असं मी ठरवलंय. तिच्या फोनचा नंबर मात्र या पत्राच्या मागं लिहिलाय. संध्याकाळी सहानंतर ती ड्युटीवरून मोकळी असती.

फोन न्हाई केलास तरी मी काही म्हणणार न्हाई. आन् केलास, तर मला सांगू नको. काय बोललात, किती वेळ बोललात, रडलात का, काहीच सांगू नको. ते तुमच्या दोघींचं असू दे.

जानकी